अंगाला काही लावलं होतं का?

हे मी आजवर मोठ्यानं तीनदाच बोलले आहे, आणि तेही अगदी अलीकडे. त्याआधी चार वर्षं—नाही, कुणालाच नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. जिला मी पगारवाढीपासून पोटदुखीपर्यंत सगळं सांगते त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि मध्येच थांबवून 'अगं, तुझा काय दोष' असं म्हणणार नाही. ते मला नको आहे.

आधी मी काय करते ते सांगते. दिवसा एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते. संध्याकाळी कोरमंगलात पोल डान्स शिकवते. हो, तोच. जमिनीपासून छतापर्यंत उभा स्टीलचा खांब, त्यावर चढायचं, लटकायचं, गिरक्या घ्यायच्या. ज्यांच्या भुवया वर गेल्या असतील त्यांनी खुशाल जाऊ द्याव्यात, मला सवय आहे. पहिल्या आठवड्यात मांड्यांवर जे काळेनिळे डाग उठतात ते पाहिले की हा व्यायाम आहे याबद्दल कुणाला शंका राहत नाही. आमच्याकडे पीजीत राहणाऱ्या मुली येतात, बाळंतपणानंतर पाठ धरलेल्या बायका येतात, एक दाताची डॉक्टरही येते.

राजाजीनगरला माहेरी मात्र मी 'योगा' शिकवते. बाबा सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले, आई मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात पुढे. आईला खरं ठाऊक आहे. पण मंडळातल्या बायकांनी फारच खोदून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मल्लखांबच असतो तो, स्वल्प वेगळा." मी ते चालवून घेतलं. अजून चालवते. पण हा तो कबुलीजबाब नाही—मी आडवळणं घेतेय, कळतंय मला.

एक नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. खांब कातडीनं धरला जातो, कपड्यानं नाही. म्हणून त्या आखूड चड्ड्या, दाखवायला नव्हे. आणि म्हणूनच क्लासच्या दिवशी अंगाला काही लावायचं नाही. तेल नाही, लोशन नाही, हाताचं क्रीमसुद्धा नाही. लावलं की माणूस सरसर खाली. त्यामुळे आमच्यात कुणी घसरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: अंगाला काही लावलं होतं का? आम्ही तो हसतहसत विचारतो, आणि उत्तर बहुतेक वेळा ओशाळं 'हो' असं येतं. माझं सगळं पाप या एका प्रश्नाच्या आडोशाला उभं होतं.

वैजूताई नागपूरच्या. नवऱ्याची बदली झाली म्हणून के. आर. पुरमला राहायला आल्या. मुलगा शिकायला बाहेर, घरात दोघंच, आणि ओळखीचं कुणी नाही. पन्नाशीला टेकलेली ही बाई त्या भयंकर ट्रॅफिकमधून आठवड्यातून दोनदा कोरमंगलाला का यायची? त्यांनीच सांगितलं होतं. लहानपणी घराजवळच्या व्यायामशाळेच्या भिंतीवर हनुवटी टेकवून त्या मुलांचा मल्लखांब बघायच्या. मुलींना आत प्रवेश नव्हता. भिंतीवरून बघण्यात त्यांची सगळी शाळा संपली. आता खांब समोर होता आणि आत यायला कुणी अडवत नव्हतं.

त्यांच्या घरी त्यांना वेंधळी म्हणायचे. दूध उतू गेलं, किल्ली सापडेना, चुकीच्या बसमध्ये चढल्या—वेंधळी. त्या स्वतःच हे रंगवून सांगायच्या. पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, "रेणू, मला जरा सांभाळून शिकव बाई. माझ्या हातातून सगळं सुटतं." आणि मी त्यांना खांब धरायला दिला तर अशी पकड, की मला सांगावं लागलं, ताई, थोडं सैल सोडा, बोटं दुखतील. त्यांच्या हातातून काही सुटत नव्हतं. त्यांना ते कुणी सांगितलंच नव्हतं, एवढंच. मी सांगितलं. त्या लाजल्या. मला त्या फार आवडायच्या—हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे ते खोटं वाटेल.

आता तो दिवस.

खांब दोन तऱ्हांनी ठेवता येतो. आवळलेला, म्हणजे जागचा हलत नाही. किंवा मोकळा, म्हणजे आपल्या वजनानं स्वतःभोवती फिरतो. तळाशी स्क्रू असतात, एका लहान वाकड्या किल्लीनं ते आवळायचे. नवीन लोकांना नेहमी आवळलेला खांब द्यायचा, आणि क्लासच्या आधी शिकवणारीनं प्रत्येक खांब हातानं पिळून बघायचा. यात शिकण्यासारखं काही नाही. घरातून निघताना गॅस बघतो तसं ते आहे.

त्या संध्याकाळी मी लवकर पोचले होते. खिडकीजवळचा खांब मोकळा करून स्वतःचा व्हिडिओ काढत होते. एक गिरकी मनासारखी येत नव्हती. पाच-सहा वेळा काढली, मग एक आली, आणि ती बघण्यात मी इतकी रमले की मुली येऊन कपडे बदलून उभ्या राहिल्या तरी मी फोनमध्येच. माझी पाठ कशी दिसते ते बघत होते. मग क्लास सुरू केला. खिडकीजवळचा खांब वैजूताईंचा आवडता, तिथं वारा येतो म्हणून.

त्या दिवशी त्या पहिल्यांदा उलट्या होणार होत्या. पाय वर, डोकं खाली. कितीतरी आठवडे आम्ही त्याची तयारी केली होती. मी बाजूला उभी राहिले, हात पुढे धरून, जिकडे त्यांची पाठ येणार तिकडे. त्यांनी पाय उचलले. आणि खांब फिरला.

त्यांनी सोडला नाही. हे नीट ऐका—त्यांनी शेवटपर्यंत खांब सोडला नाही. खांबच त्यांना घेऊन फिरला, माझ्या हातांपासून लांब, खिडकीच्या बाजूला. पाय चौकटीवर आदळले आणि मग त्या गादीच्या काठावरून खाली आल्या, डाव्या मनगटावर. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मला त्याच क्षणी कळलं होतं. नंतर विचार करून नाही, रात्री आठवून नाही. खांब फिरला तेव्हाच.

स्टुडिओची मालकीण, आम्ही सगळ्या तिला अक्का म्हणतो, आतल्या खोलीतून धावत आली. "एनायतु?" काय झालं, म्हणून तिनं कन्नडमध्ये विचारलं. माझ्याकडे बघून विचारलं. आणि मी अक्काला उत्तर दिलं नाही. मी वैजूताईंवर वाकले आणि अगदी मायेनं विचारलं, "ताई, अंगाला काही लावलं होतं का?"

बघा ना—यात खोटं काय आहे? साधा प्रश्न. पुढची चार वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले, की मी खोटं बोललेच नाही, मी फक्त विचारलं.

त्या वेदनेतही वैजूताई आठवू लागल्या. डोळ्यांत पाणी, ओठ पांढरे, आणि आठवून राहिल्या होत्या बिचाऱ्या. मग म्हणाल्या, सकाळी भांडी झाल्यावर हाताला क्रीम लावलं होतं. सकाळी! त्यानंतर दोनदा तरी हात धुतले असतील. "माझंच चुकलं गं," त्या म्हणाल्या. अक्कानं सुस्कारा सोडला आणि बर्फ आणायला गेली. मुली वैजूताईंभोवती गोळा झाल्या. आणि मी—हे सांगायलाच मी बसले आहे—मी सगळ्यांकडे पाठ करून खाली बसले, किल्ली काढली आणि तो खांब आवळला.

बाकी सगळं एक वेळ घाबरून झालं म्हणता येईल. किल्ली शोधायला मात्र डोकं शांत लागतं, आणि ते माझं शांत होतं.

दवाखान्यात त्यांचे यजमान आले. सरळ, थकलेला माणूस. झालेलं ऐकून कपाळाला हात लावला आणि म्हणाले, वेंधळेपणा हिच्या पाचवीलाच पुजलेला आहे. वैजूताईंनी मान खाली घातली. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, मॅडम, तुम्ही होतात म्हणून बरं, नाहीतर हिचं काय झालं असतं. त्यांनी माझ्यासाठी कॉफी आणली. मी ती प्यायले. 'त्यात काय' असंही म्हणाले.

मला वाटलं, आता त्या यायच्या नाहीत. खरं सांगू? मला तसं हवं होतं. पण प्लास्टर निघालं, हात थोडा वाकडाच बसला, आणि त्या परत आल्या. डबाभर पुडाची वडी घेऊन, सगळ्यांसाठी, तुम्हाला माझ्यामुळे किती त्रास झाला म्हणून. त्यानंतर त्या नियमित येत राहिल्या, पण जमिनीवरचे व्यायाम करायच्या. खांबावर चढायच्या नाहीत. मी आग्रह केला तर म्हणायच्या, नको गं, माझ्या हातांचा भरवसा नाही.

आणि नव्या मुली आल्या की त्या स्वतःची गोष्ट सांगायच्या. सगळ्यांना पुढे बसवून, नकला करत. क्रीम लावून कशी आली, कशी पडली, कशी बावळट. मुली हसून लोळायच्या. क्लासचा नियम शिकवायला याहून चांगली गोष्ट मिळाली नसती, असं अक्का म्हणायची. आणि मी? मी मागे उभी राहून हसायचे. चार वर्षं मी त्या गोष्टीला हसले.

ते कसं थांबलं ते सांगते. नव्या तुकडीत पाटण्याची एक मुलगी होती, सगळ्याला प्रश्न विचारणारी. तिनं वैजूताईंना हिंदीत विचारलं, हात घसरला तेव्हा कसं वाटलं? कळलं का आधी? वैजूताई हसल्या आणि मराठीतच, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गंमत सांगू का रेणू? मला तर वाटलं होतं खांबच फिरला. माणूस घाबरलं की काय काय वाटून राहते बघ." आणि मग तिला हिंदीत समजावलं, की भीतीनं असे भास होतात.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. बाईला सगळं बरोबर कळलं होतं. तिच्या तळहातांनी तिला खरं तेच सांगितलं होतं, आणि माझ्यामुळे ती त्याला चार वर्षं भास म्हणत होती. मनगट मोडलं ते मोडलं. पण हे?

क्लासनंतर मी त्यांना खालच्या दर्शिनीत, उभ्याउभ्या खायच्या हॉटेलात, नेलं. एकीची दोघींत वाटून घ्यायची ती बाय टू कॉफी, आजूबाजूला ऑफिस सुटलेल्यांची गर्दी. मी प्रस्तावना करणार होते. काहीच आठवलं नाही. नुसतं म्हणाले, "ताई, खांब फिरला होता. मी आवळायला विसरले होते. तुम्ही पडल्यावर मी तो गुपचूप आवळला आणि तुम्हाला क्रीमचं विचारलं."

कॉफीवर साय धरली. मग त्यांनी डावा हात उचलला, तो वाकडा बसलेला, आणि उलटसुलट करून बघितला.

"म्हणजे माझा हात सुटला नव्हता?"

"नाही ताई. तुमची पकड बरोबर होती."

एवढंच. मला वाटलं होतं त्या ओरडतील, रडतील, निदान का केलंस म्हणून विचारतील. त्यांनी फोन काढला, यजमानांना लावला, आणि माझ्यापुढे धरला. "यांना सांग," म्हणाल्या.

मी सांगितलं. त्या गर्दीत, एका कानावर हात ठेवून, तेच सगळं पुन्हा, किल्लीसकट. मग ते समजूतदारपणे म्हणाले, जाऊ द्या मॅडम, होतं असं, आता कशाला. आणि देवाशपथ सांगते, मला तेवढ्यात बरंही वाटलं. पण आवाज वैजूताईंनाही ऐकू गेला होता. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"जाऊ द्या काय? मी वेंधळी नाही, हे ऐकलं ना तुम्ही? मग तसं म्हणा."

ते काय म्हणाले मला ऐकू आलं नाही. त्या बराच वेळ ऐकत होत्या. मग फोन पर्समध्ये टाकला, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू जा आता," आणि स्वतःच्या वाटणीची गार झालेली कॉफी सावकाश प्यायल्या. मी गेले.

दुसऱ्या दिवशी अक्काला सांगितलं. तिनं आवाज चढवला नाही. नवशिक्यांचा क्लास माझ्याकडून काढून घेतला आणि मुलींना त्याचं कारणही सांगितलं. सरी, बरं, म्हणाले मी. दुसरं काय म्हणणार? वैजूताई आता रविवारी सकाळी अक्काकडे शिकतात. मागच्या महिन्यात त्या खांबावर उलट्या लटकल्या, हे मला अक्कानंच सांगितलं. वाकड्या मनगटानं, कुणाचा हात न घेता. जिन्यात भेटलो तर कधी मान हलवतात, कधी नाही. माझ्याशी बोलत नाहीत.

आणि मी? मला हलकं वाटतं. खरंच वाटतं. जेवण जातं, झोप लागते, परवा तर गाडी चालवताना गुणगुणत होते. चार वर्षं त्यांची गेली आणि हलकं मला वाटतंय, हे बरोबर नाही, ते मला कळतं. तरी वाटतं. आता तेही लपवत नाही.