साखर, ताप आणि देवीशी भांडण

देवीकडे माणसं काही ना काही मागायला जातात. मी भांडायला निघाले होते.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या घरात ताप तिघांना आला. धाकट्या दिरांना, मला आणि माझ्या यजमानांना. दीर पाचव्या दिवशी गोठ्यातलं शेण काढायला लागले. मी आठ-दहा दिवसांनी उठून चुलीपुढे बसले. आणि हे गेले. एकाच माठातलं पाणी पिणारी, एकाच छपराखालची तीन माणसं. त्यांतून देवीनं नेमकं यांनाच का उचललं, हा प्रश्न माझ्या छातीत कुसळासारखा रुतून बसला. त्याआधी आम्ही दोघं दर रामनवमीला पोहरादेवीला जायचो. नंतर मी गेले नाही. देव्हाऱ्यात दिवा लावायचे, कारण तो हाताचा सराव होता. पण तिच्याशी बोलणं मी बंद केलं होतं.

आमचं गाव केनवडजवळ. यांच्या मागे घरची पिठाची गिरणी मीच चालवते. यांच्या पश्चात वर्षभरात मलाही यांच्यासारखाच साखरेचा आजार निघाला, पाठोपाठ रक्तदाब. गोळ्या चालू झाल्या; पण खरं सांगते, मी त्या मन लावून कधी घेतल्या नाहीत. आठवण झाली तर घ्यायची, गिरणीवर गर्दी असली तर राहून जायची. माझं माणूसच गेलं, आता आजाराला मी घाबरायचं कशाला, असा एक आंधळा ताठा होता.

चार-पाच वर्षांनी, गेल्या चैत्रात, मी ठरवलं की आता जायचं. तिच्या समोर उभं राहायचं आणि तोंडावर विचारायचं. आपली बाजू स्वच्छ असावी, उद्या तिला माझ्यात खोट काढता येऊ नये, म्हणून नऊ दिवसांचा कडक उपास धरला. रिकाम्या पोटी गोळी घेतली की गरगरायचं, म्हणून गोळ्या बंद केल्या. रिसोडच्या डॉक्टरांनी उपासाला नको म्हटलं होतं, ते मी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. साबुदाणा, रताळी, केळी यांवर दिवस काढत होते. तेव्हा गावात घरोघर सर्दी-खोकला होता. सातव्या दिवशी मलाही ताप भरला.

नवमीच्या सकाळी मी पिशवी उचलली तेव्हा दीर दारात आडवे आले. "वहिनी, आंग कसं तापून राह्यलं तुमचं. यंदा राहू द्या."

"राह्यलीच ना इतके वर्स घरी," मी म्हटलं. "आता नाई राहत."

वाशीमला बस बदलली. मानोऱ्याकडे जाणारी गाडी यात्रेकरूंनी गच्च भरलेली, तरी एका बुरख्यातल्या बाईनं सरकून मला खिडकीशी जागा दिली. माझ्याच वयाची असेल. मांडीवर पिशवी, पिशवीत घडी घातलेली हिरवी चादर. मंगरूळच्या दर्ग्याला चालली होती. गाडी सुटल्यापासून मला तहान आवरेना. माझी बाटली संपली, तिनं तिची दिली, तीही मी संपवली. तोंड तरी कोरडंच. श्वास असा वरच्यावर चाललेला, जणू कुणी छातीवर जात्याचा दगड ठेवला आहे.

ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "बाई, किती पानी पिऊन राह्यल्या तुमी! शुगर हाये का?"

"हाये."

"गोळी खाल्ली?"

"नऊ दिवस झाले, बंद हाये. देवीचा उपास हाये."

ती रागावली नाही. पिशवीतून एक लहानसा डबा काढला. स्वतःला पंधरा वर्षांपासून साखर आहे, घराबाहेर पडताना आधी हे मशीन पिशवीत पडतं, मग बाकीचं सामान, असं सांगत तिनं माझं बोट धरलं, सुई टोचली, थेंब पट्टीला लावला. मशीनवर दोन इंग्रजी अक्षरं उमटली.

"आकडा कुठी हाये?" मी विचारलं.

"आकडा मशीनच्या बाहेर गेला, बाई. मशीननं हात टेकले." तिचा चेहरा बदलला होता. "मंगरूळले उतरा. सरकारी दवाखान्यात जाऊ."

मी नाही म्हटलं. पोहरादेवी आता तासाभरावर होती. आधी दर्शन, मग दवाखाना. मी इतक्या वर्षांचं भांडण घेऊन निघाले होते, ते अर्ध्या रस्त्यात कसं टाकू? मंगरूळला गाडी थांबली तशी मी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरून बसले. तिनं माझी बोटं एकेक करून सोडवली.

"देवी कुठी पयून नाई चालली," ती म्हणाली. "तुमीच चालल्या."

मला तिचा इतका राग आला की शक्य असतं तर ढकलून दिलं असतं. पण पायरी उतरताना तोल गेला आणि मी तिच्याच खांद्यावर कोसळले. ऑटोत ती माझ्या कपाळावर ओला रुमाल धरून होती. दर्ग्याकडे जाणारा रस्ता मागे गेला, तिनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

दवाखान्यात बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला, सलाइन लावलं, नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क चढवला आणि रुग्णवाहिकेनं परत वाशीमला पाठवलं. रुग्णवाहिकेत माझ्यासोबत तीच होती. दीर येईपर्यंत ती हलली नाही. तिचं नाव नूरबी, एवढं मला तेव्हा कळलं.

तपासणीत फ्लू निघाला, छातीत उतरलेला. साखरेसाठी इन्सुलिनची सुई सुरू झाली. तीन दिवस मी अर्धवट शुद्धीत होते. चौथ्या दिवशी जरा नीट बोलता आलं, तेव्हा राउंडला आलेल्या डॉक्टरबाईंना मी तोच प्रश्न विचारला जो देवीला विचारायचा होता. तीन माणसं, एक घर, एकच ताप. मग यांनाच का?

वयानं माझ्या लेकीएवढी ती पोरगी. तिनं स्टूल ओढलं आणि बसली. म्हणाली, "ताप सगळ्यांना येतो, मावशी. पण साखर महिनोन्‌महिने चढलेली असली की अंगाची लढायची ताकद कमी होते. त्यात वय, वजन, रक्तदाब. मूत्रपिंडावर ताण असेल तर आणखी. तापामुळे साखर अजून चढते आणि चढलेली साखर तापाला बळ देते. त्यात गोळ्या बंद, दवाखान्यात यायला उशीर, लस घेतलेली नाही. एकेक गोष्ट जमत जाते."

मी यांना आठवून पाहिलं. अंगानं भारी. पायाची जखम दोन महिने भरत नव्हती. लघवीतून प्रथिनं जातात असं कुणीसं सांगितलं होतं. आणि तापात सहा दिवस आम्ही घरीच काढा देत बसलो होतो. "म्हंजे चूक त्यायचीच होती?" मी विचारलं.

"चूक नाही म्हणत मी. धोका जास्त होता. धोका म्हणजे शिक्षा नव्हे, मावशी."

ती गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून खूप रडले. इतकी वर्षं मी ज्या देवीला आरोपी करून ठेवलं होतं, तिचा या निवाड्यात हातच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दीर आले. माणूस जिवाचा आहे, पण कुण्या भगताचं ऐकून आला होता. "वहिनी, देवीच्या रस्त्यातून माघारी फिरल्या तुमी. तिचा कोप हाये हा. भगत म्हणते, एकवीस दिवस सुई-गोळी सोडा, अंगारा लावा."

मी मास्क खाली ओढला. "भाऊजी, कोप करायचा असता तं त्या बाईले माह्या बाजूले कायले बसवलं असतं तिनं? अंगारा लावा, कपाळभर लावा. पन सुई मी नाई सोडत. कोनाले राग येवो, का देव रुसो."

नर्सनं धावत येऊन मास्क परत चढवला आणि दोघांनाही दटावलं. दीर माझ्या कपाळाला अंगारा लावून खाली बसले. मला मात्र स्वतःच्याच शब्दांनी घाम फुटला होता. रागाच्या भरात मी कबूल करून बसले होते की तिनंच कुणाला तरी पाठवलं.

बारा दिवसांनी घरी आले. ज्येष्ठात, अंगात बळ आल्यावर, आधी मंगरूळला उतरले; नूरबीला तिथं बोलावून घेतलं होतं. तिची चादर त्या गडबडीत चढवायची राहिली होती. ती आम्ही दोघींनी मिळून दर्ग्यात चढवली. देवीनं तुम्हाला पाठवलं, असं मी म्हटलं तर ती हसली. "माही तं आदली गाडी होती. चप्पल तुटली, म्हून चुकली. आता ते कोनाचं काम, तुमीच पाहा."

मग एकटी पोहरादेवीला गेले. साधा मंगळवार होता, गर्दी नव्हती. ज्वारीची भाकर खाऊन, गोळी घेऊन, पायात चपला घालून देवळापर्यंत गेले, कारण साखरेच्या माणसानं अनवाणी तापल्या दगडांवर चालू नये. नऊ दिवसांचा उपास पुन्हा धरला नाही. रागवायचं असेल तर रागव, असं मनात म्हणतच आत शिरले.

ती रागावलेली दिसली नाही. प्रश्नाचं एक उत्तर डॉक्टरबाईंनी दिलं होतं. माझं माणूस पुन्हा दिसणार नाही, याचं उत्तर कुणाकडेच नाही, तिच्याकडेही नसावं. तिच्यासमोर बसून मी यांच्यासाठी मोकळेपणानं रडले, आणि ती ऐकत होती असं मला वाटलं. मला वाटायचं की शरण जाणं म्हणजे हातपाय गाळून तिच्या पुढ्यात पडणं. पण जिनं मला बसमधून ओढून उतरवलं ती मला पडू द्यायला तयार नव्हती. मग मीही ठरवलं, हे शरीर तिचं आहे, मी त्याची राखण करीन. रोज सकाळी सुई टोचीन आणि त्यालाच पूजा म्हणीन.

पुजाऱ्यांनी गोड प्रसाद हातावर ठेवला. मी तो कपाळाला लावला, शेजारच्या म्हातारीच्या ओंजळीत घातला आणि देवीकडे बघून म्हटलं, "तुह्या लेकीले शुगर हाये, माय. तुले तं ठाऊकच हाये."