आबांच्या पोटावरची तुरटी

तुरटीचा खडा दिसला की मला धुळ्याचा तो दवाखाना आठवतो. ऑपरेशनआधी आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पोटावरचे केस कोरड्या ब्लेडने काढले होते आणि कातडी लालबुंद झाली होती. दाढीनंतर लावतात तशी मी त्यावर तुरटी फिरवली, तर आबा कळवळले. घाबरून मी माठाच्या पाण्यात हात बुडवला आणि त्यांच्या पोटावर ठेवला. पाया पडण्यापलीकडे मी त्यांना कधी शिवलोच नव्हतो. लाजून हात काढायला लागलो, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे रे भाऊ, तुना हात थंडा शे." तेवढ्यात स्ट्रेचर आलं आणि नर्सने मला बाजूला केलं. आबा शुद्धीवर आलेच नाहीत. आता दाढी झाली की मी तुरटी लावत नाही. गार पाण्याचा हात गालावर ठेवतो, आणि लवकर काढत नाही.