कडूबाईंनी केलेलं दुसरं बाळंतपण

शिवकन्याच्या आणि माझ्या घराची भिंत एकच. तिच्याकडं फोडणी पडली की वास आधी माझ्याकडं येतो. गेल्या वर्षी सोयाबीनच्या काढणीत तो वास अचानक बंद झाला, तेव्हाच मी ओळखलं, तिच्या सासूनं, कडूबाईंनी, तिला पथ्यावर घातलंय.

स्तनाचा कॅन्सर म्हटलं की आमच्या बेंबळीत लोक आवाज खाली आणतात. कडूबाई नुसतं ‘छातीचं दुखणं’ म्हणायच्या. शिवकन्या मात्र नाव घेऊन बोलायची. "कॅन्सरच हाय, वैनी. आधी केमोचे डोस, मग ऑपरेशन. डॉक्टरीणबाई म्हणल्या, वेळेवर सापडलंय. आता माझ्याकडून वेळ चुकायला नको, एवढंच बघायचं." डोसाला ती आणि नवरा आण्णासाहेब बार्शीला जायचे. आधी रक्त तपासायचं. पांढऱ्या पेशी पुरेशा भरल्या तर डोस, नाहीतर माघारी. केस गेले तेव्हा ती लेकीला, सृष्टीला म्हणाली, "आता सकाळी आरशापुढं तू एकटी. तरी शाळेला उशीर झाला तर नाव माझं सांगू नको."

कडूबाईंना पथ्य ठाऊक ते एकच, काविळीचं. त्यांचे यजमान एकदा काविळीतून उठले होते ते तेल, हळद, मीठ सोडून आणि ज्वारीच्या कण्या ताकात कालवून. हे तर त्याहून मोठं दुखणं, म्हणजे पथ्यही तेवढंच कडक. डाळ वातूळ, शेंगदाणा उष्ण, अंड्याचं तर नावच नको. आणि सुनेच्या ताटात जे अळणी, तेच स्वतःच्याही ताटात. "एकटीच्या घशाखाली कसं उतरल तिच्या?" म्हणायच्या. आता अशा सासूशी भांडायचं तरी कसं?

तिसऱ्या डोसाला शिवकन्या बार्शीहून तशीच परत आली. पेशी भरल्या नव्हत्या, वजनही बरंच उतरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, जेवता काय? आण्णासाहेब छताकडं बघायला लागले. शिवकन्यानं खरं ते सांगितलं. "पेशी औषधानं उतरतातच," त्या म्हणाल्या, "पण अंगात काही असेल तर औषध सोसेल ना? ताजं, गरम, पोटभर खा. डाळी, उसळी, दूध. पाणी उकळलेलं. घरात गर्दी नको. आठवड्यानं परत बघू."

"आईला मी सांगतो," आण्णासाहेब घरी आल्यावर म्हणाले.

"तुमी?" शिवकन्या हसली. "भाजी खारट झाली, एवढं तरी कधी सांगितलंय का त्यांना?"

डॉक्टरनी तुमचं पथ्य मोडलं म्हटलं, तर कडूबाई गप्प होतील, पण मनातून तुटतील, हे तिला पक्कं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी ती सासूपाशी मेथी निवडायला बसली. मी पलीकडून माझी कोथिंबीर घेऊन आले होते.

"आत्या, सृष्टीच्या वेळंला माझी आई न्हवती. मला उठवली कुणी?"

"म्या. आणि कोण येणार हुतं?"

"काय घालत हुता खायला?"

कडूबाई खुलल्या. "बाजरीची भाकर तुपात चुरून. मेथी, शेपू. मुगाचं वरण. खारीक-खोबऱ्याचं डिंकाचं लाडू."

"पाणी?"

"उकळून. कच्चं पाणी देतंय व्हय कुणी बाळंतिणीला?"

"आणि माणसं?"

"बारा दिस उंबरा वलांडू दिला न्हाय कुणाला."

"मीठ?"

"येडी का काय! बाळंतिणीला अळणी घालून अंग भरतंय का?"

शिवकन्यानं जुडी खाली ठेवली. "मग माझं बी आता तसंच झालंय. रगत न्हाय, ताकद न्हाय, डोकं बांधलेलं. डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं ते समदं तुमाला येतंय. माझं अजून एक बाळंतपण करा, आत्या."

कडूबाईंनी ती जुडी आपल्याकडं ओढली. म्हणाल्या, "आन् दुखणं वाढलं मंजी?"

"डॉक्टरीणबाईंना फोन लावते. तुमीच इचारा."

त्यांनी विचारलं, एकेक जिन्नस. मेथी चालेल, नीट धुऊन शिजवून. डिंकाचा लाडू चालेल, पण दिवसाला एकच. शेगडीची धुरी? मुळीच नको, धूर नको. "धुरीबिगर कसलं बाळंतपण!" फोन ठेवताना त्या पुटपुटल्या. पण शेगडी माळ्यावर गेली.

मग त्या घराचा रंगच बदलला. सकाळी बाजरीच्या भाकरीची थापटणी, लसणाची फोडणी. मला एकदा शिंक आली, तर माझीही भिंतीपलीकडं रवानगी झाली. आमच्या जिल्ह्यातल्याच वाशीहून कडूबाईंची बहीण सिताबाई खवा घेऊन भेटायला आली, तिला उंबऱ्यातच अडवलं.

"बाळंतिणीच्या खोलीत जाता येत न्हाय."

"अगं, कोण बाळंत झालंय?"

"आमची शिवकन्या."

सिताबाई बोटांवर महिने मोजत उभी. "अगं, तिला तर..."

"मोजू नको. खवा ठेव आन् जा. परतून लाडवात घालते."

आठवड्यानं कडूबाई स्वतः सुनेबरोबर बार्शीला गेल्या. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत बाकावरून हलल्या नाहीत. पेशी चढल्या होत्या. डोस द्यायचा ठरला. डॉक्टरीणबाईंनी कौतुकानं विचारलं, काय केलंत? कडूबाई पदर सावरत म्हणाल्या, "काय न्हाय. बाळंतपण केलं."

डोसानंतरचे दोन-तीन दिवस वाईट गेले. तोंडाला चव नाही, जेवण नको व्हायचं. ते जाणार नव्हतंच. पण पुढच्या तारखेची भीती गेली होती. चौथ्या दिवशी भिंतीपलीकडून शिवकन्याचा आवाज आला, "आत्या, तुमच्या ताटात अजून कण्याच का?"

"असू दे. तुझ्या नावानं सोडलंय म्या मीठ."

"माझ्या नावानं सोडलंय, तर माझ्या नावानं धरा आता." वाटी ओढल्याचा आवाज झाला. "अजून तीन डोस हायती. तीन बाळंतपणं करायची तर ताकद कुणाला लागंल? घ्या, शेपू घ्या."

पलीकडं पळी पातेल्यात वाजली.

मग कडूबाई म्हणाल्या, "मीठ कमी पडलंय गं."