राणोजी रजेवर गेले तेव्हा

राणोजी राव यांनी उमेदीची सगळी वर्षं एकाच प्रश्नात घातली. एक गेला, तर त्याच्या जागी कोण?

प्रश्न माणसांचा नव्हता, नेटवर्क कार्डांचा होता. मोठ्या संगणकात अशी चार-दोन कार्डं असतात. चालतं कार्ड मेलं की दुसऱ्यानं निमूट काम उचलायचं. पण दुसरं म्हणजे कोणतं? पूर्वी हे कोणीतरी आधीच ठरवून ठेवी. मग केबल इकडची तिकडे झाली की ऐन वेळी भलतंच कार्ड पुढे येई. नवरदेव पळाला म्हणून बँडवाल्याला बोहल्यावर चढवावं, तसं. राणोजींच्या सॉफ्टवेअरनं ती भानगड मिटवली. कार्डं आपसांत सारखी हाका मारत राहत. ज्याला हाक ऐकू येई, ते त्याच जाळ्यातलं, म्हणून बदलीला लायक. हे चालतं की नाही ते बघायची रीत सोपी होती: काम चालू असताना, न सांगता, केबल उपटायची. कोणाला पत्ता लागला नाही की पास.

त्यांचा साहेब हेरंब पुण्याचा, वयानं धाकटा. राणोजी आपली तंजावरी मराठी, तमिळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली जुनी बोली, बोलू लागले की त्याला हसू आवरत नसे. "राजे, तुम्ही बोललात की बखर वाचल्यासारखं वाटतं." राणोजीही हसत. चेष्टा आहे हे त्यांना कळे, पण मराठी कानावर पडतंय याचंच त्यांना अप्रूप.

एकदा कॉफी पिता पिता हेरंब म्हणाला, "राजे, तुम्ही आणि विजयकुमार, दोघांपैकी एकालाच ठेवायचं असं वरून आलंय. मी म्हटलं, आपल्याच पद्धतीनं ठरवू. दोघांनी आठवडाभर रजा घ्यायची. फोन करायचा नाही, आला तर घ्यायचा. बघू, काय होतंय."

राणोजींना यात अन्याय दिसला नाही. दिसली ती एक उत्तम चाचणी. रजेआधी त्यांनी हाताखालच्या दिव्यश्रीला शेजारी बसवून सगळं शिकवलं: कोणती हाक कधी द्यायची, कुठे फसतं, पासवर्ड कोणते. वेलचेरीच्या घरात बायकोनं, भवानीबाईंनी, कपाळावर हात मारला.

"अहो, कशास शिकवता तिला? विजयकुमार बायकोसही काही सांगत नाहीत."

"न सांगता गेलो, तर ती चाचणी खोटी की."

"नोकरी तर खरी राहील."

रजा सुरू झाली. विजयकुमार राहायला त्याच इमारतीत, एक मजला खाली. त्यांचा फोन पहाटेपासून वाजे. ते बाल्कनीत येऊन तमिळमध्ये ओरडत, तोंडात इडली, चेहऱ्यावर समाधान. मधेच त्यांना न्यायला ऑफिसची गाडीसुद्धा आली. वर राणोजींनी आपला फोन चार्जरवरून काढला, लावला, पुन्हा काढला. शेवटी भवानीबाईंनीच स्वयंपाकघरातून एक रिंग देऊन पाहिली. फोन धडधाकट होता.

"अस्के ठीक चाललंय म्हणजे, सगळेंच," राणोजी म्हणाले.

"तेंच तर," भवानीबाई म्हणाल्या, आणि कांदा चिरू लागल्या.

सोमवारी हेरंबनं भर खोलीत त्यांची पाठ थोपटली. "राजे, मानलं तुम्हाला. तुमच्या मागे एका गिऱ्हाइकाचं कार्ड गेलं. दिव्यश्रीनं जेवणाआधी निस्तरलं. तुम्ही नव्हता, हे कोणाला जाणवलंसुद्धा नाही."

राणोजींची छाती भरून आली. आयुष्यभर यंत्राकडून जे करून घेतलं, ते या वेळी माणसांकडून झालं होतं. पोरी-पोरांना द्यायला ते मैलापूरहून म्हैसूरपाक घेऊन आले. डबा अर्धा रिकामा झाला असताना हेरंबनं त्यांना आत बोलावलं. एक तुकडा उचलून तोंडात टाकला.

"विजयकुमारला काढता येत नाही हो. तो नसला की सगळं बसतं. तुमचं तसं नाही." त्यानं बोटं पुसली. "आणि जेवणाच्या सुट्टीतच निघा. उगाच निरोपबिरोप नको. काम थांबतं."

राणोजींनी नेहमीसारखी मान हलवली. वाद घालायला त्यांच्याकडे मुद्दाच नव्हता. चाचणी त्यांचीच होती, आणि पासही तेच झाले होते.

सामान आवरताना त्यांना सॉफ्टवेअरमधली एक कच्ची ओळ आठवली. जाण्याआधी तेवढी नीट करावी म्हणून ते दिव्यश्रीच्या शेजारी बसले. त्यांनी पासवर्ड घातला. चालेना. पुन्हा घातला.

"मी सकाळी बदलला, सर," ती पडद्याकडे बघत म्हणाली.

"बरें केलं. मज एकदा सांगटलं असतं तर."

"तुम्ही सगळ्यांना सांगता, सर."

ती ओळ कुठली, कशी दुरुस्त करायची, ते त्यांनी तिला नीट समजावून सांगितलं. तिनं ती दुरुस्त केली, त्यांच्याकडे पाठ वळवून. मग ते डबा घेऊन जिन्याकडे गेले. खोलीत कोणी मान वर केली नाही.