सुया आत असेपर्यंत

माझी वहिनी दिसायला एवढीशी. रस्त्यात कुणी धक्का दिला तर हीच सॉरी म्हणेल अशी. मी तिच्याबद्दल सांगायला लागले की लोकांना वाटतं, नणंद आहे, काहीतरी कुचकट बोलणार. बोलणारच आहे. नवऱ्याच्या डोक्यात इस्त्री घालून माहेरी आलेली बाई मी, मला गोड बोलता येत नाही. पण जे आहे ते आहे.

वहिनीचं काम सुयांचं, चिनी पद्धतीच्या. केसासारख्या बारीक सुया अंगात टोचायच्या आणि थोडा वेळ तशाच राहू द्यायच्या. गुडघे येतात, कंबरा येतात, आणि हल्ली जास्त करून बायकांचे चेहरे येतात. गाल ओघळले, डोळ्यांखाली काळं आलं की येऊन आडव्या पडतात. कपांचं काम माझ्याकडे. स्पिरिटचा पेटता बोळा काचेच्या कपात फिरवून काढायचा आणि कप चटकन पाठीवर ठेवायचा. कातडी आत ओढली जाते, गोल जांभळा डाग उठतो. बायका पैसे मोजून ते डाग घेऊन जातात. मला नवऱ्याकडे फुकट मिळायचे.

वहिनी हे एका म्हाताऱ्या डॉक्टरकडे शिकली. आधी त्याच्याकडे फरशी पुसायला होती, मग सुया उकळायला, मग टोचायला. म्हातारा भारी खडूस. चुकीच्या जागी सुई लावली की तो तीच जागा हिच्या अंगावर टोचून दाखवायचा, म्हणजे समोरच्याला काय होतं ते कळावं. त्यानं तिच्या डोक्यात एक नियम ठोकून बसवला होता. सुया आत असेपर्यंत माणूस आपला, मग तो कुणीही असो. सुया निघाल्या की त्याचं तो बघेल. वहिनीनं हा नियम इतका मनावर घेतला होता की एकदा माझ्या सासूच्या अंगात सुया असताना मला तिच्याशी भांडूही दिलं नाही.

माझा दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, घड्याळं दुरुस्त करायचा. बाजाराच्या तोंडाशीच त्याचं दुकान होतं. आता शटरबद्दल सांगायला हवं. शटर हा आमच्या बाजारातला गुंड. खरं नाव कुणी घेत नाही. ज्याचं दुकान हवं असेल त्याच्याशी हा आधी गोड बोलतो. तो बधला नाही तर त्याचा हात उंबऱ्यावर दाबून धरतो आणि वरून शटर पाडतो. दादाचं दुकान त्याला मेव्हण्यासाठी हवं होतं. दादा नाही म्हणाला. भर दुपारी, लोक पिशव्या घेऊन येत-जात असताना, त्यानं दादाला खाली लोळवलं आणि उजव्या हातावर शटर पाडलं. मग उचललं आणि परत पाडलं. हाडं मोडल्याचा आवाज आपल्याला ऐकू आला असं समोरचा शिंपी अजून सांगतो. तेव्हा मात्र मेला मशीनवरून उठला नव्हता.

त्या हातावर वहिनीनं कितीतरी महिने काम केलं. सुया, शेक, चोळणं. दोन बोटं हलायला लागली, बाकीची गेली ती गेलीच. घड्याळं संपली. दादा वहिनीच्या दवाखान्यात पुढे टेबलावर बसून डाव्या हातानं कापसाचे बोळे वळायला लागला. पूर्वी त्याच्या गप्पा संपायच्या नाहीत, आता बायकांना नंबर सांगण्यापुरतं तोंड उघडायचा.

आणि एके दिवशी सकाळी शटर झोपेतून उठला तो अर्धं तोंड लोंबकळत घेऊन. डावा गाल खाली आलेला, ओठ उजवीकडे ओढलेले, डावा डोळा मिटेना. बाजाराची निवडणूक तोंडावर आली होती आणि ह्याचे हसरे फोटो चौकाचौकात लागले होते. दम द्यायला तोंड उघडलं की डाव्या बाजूनं लाळ गळायची. गुंडाला सगळं चालतं, पण लाळ चालत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, थांबायला सांगितलं. ह्याला थांबायची सवय कुठली?

दोन माणसं घेऊन तो आमच्याकडे आला. वहिनीनं बोटानं त्याचा गाल वर उचलून पाहिला, फुंकर मारायला लावली, डोळा मिटायला लावला. म्हणाली, बहुतेकांचं येतं परत, तुमचं उशिरा येतंय. तो म्हणाला, निवडणुकीआधी आलं पाहिजे. मग त्यानं मान वळवली. टेबलावर दादाचा डावा हात होता, त्यात कापूस.

"बाई, तोंड सरळ झालं तर ह्याचा हा हात ह्याच्याकडे राहील. नाही झालं तर हाही शटरखाली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वहिनीनं फक्त दादाच्या हाताकडे पाहिलं आणि शटरला सांगितलं, आडवे व्हा.

त्या दिवसापासून शटर यायला लागला. वहिनी त्याच्या गालावर, भुवईवर, ओठांच्या कडेला सुया लावायची, आणि हातात अंगठ्याच्या बेचक्यात एक. म्हाताऱ्या डॉक्टरचं म्हणणं होतं की तोंडाची दोरी हातात असते. मिटत नसलेल्या डोळ्यावर ओला कापूस ठेवायची, दुसऱ्यावरही ठेवायची, म्हणजे माणूस हलत नाही. असा तो आंधळा होऊन पडायचा आणि मी शेजारी उभी राहून दातओठ खायचे. मी वहिनीला सरळ सांगितलं, एक सुई डोळ्यात घाल आणि मोकळी हो, फाशी मी जाते. ती म्हणाली, तू कप पूस. दादाला मात्र शटर यायचा त्या दिवशी ती घरी ठेवायची.

निवडणूक जवळ आली तरी तोंड वाकडंच. शटर पिसाळला. एका सकाळी तो चौकात कुणाला तरी दम देत होता, लाळ गळाली आणि चहावाला हसला. हसला की नुसतं तोंड हललं, देव जाणे. शटरनं त्याचे केस धरले, त्याचं तोंड शेगडीच्या कडेवर आपटलं, आपटतच राहिला, आणि वरून उकळती किटली त्याच्या मानेवर ओतली. मग रुमालानं हात पुसत आमच्याकडे आला आणि आडवा झाला. वहिनीनं त्याच्या बोटांवरचं चहावाल्याचं रक्त स्पिरिटनं पुसलं आणि बेचक्यात सुई लावली.

चहावाल्याला उचलून इस्पितळात नेलं ते दादानं. एका धड हातानं आणि दोन बोटांनी. तिथून तो घरी गेला नाही. आमच्या मागच्या दारानं आत आला तेव्हा त्याच्या सदऱ्यावर रक्त होतं, चहाची पत्ती होती, आणि डाव्या हातात शटर ओढायची लोखंडी सळई होती, टोकाला आकडा असलेली. शटरची माणसं पुढच्या बाजूला बाकावर बसलेली. आत पडद्यामागे मी, वहिनी, आणि तोंडभर सुया घेऊन डोळ्यांवर कापूस ठेवून पडलेला शटर.

मी दादाला अडवलं नाही. खरं सांगते, मी बाजूला सरकून त्याला जागा करून दिली. त्यानं सळई डोक्याच्या वर नेली. वहिनीनं मान हलवली, नको. दादानं तिच्याकडे पाहिलंच नाही. सळई खाली आली आणि मध्ये वहिनीचा उजवा हात आला.

काडकन आवाज झाला. वहिनी खाली बसली. मनगट भलतीकडेच वळलं होतं आणि कातडीखालून हाड वर आलेलं दिसत होतं. सळई पलंगाच्या कडेवर आपटून दादाच्या हातातून सुटली.

शटर उठून बसला. डोळ्यांवरचा कापूस मांडीवर पडला. त्यानं सळई पाहिली, दादा पाहिला, जमिनीवर मनगट धरून बसलेली वहिनी पाहिली. आणि हसायला लागला. चेहरा सुयांनी भरलेला, आणि प्रत्येक सुई हसण्याबरोबर हलत होती. त्याची माणसं धावत आत आली. त्यांनी दादाला लाथांनी तुडवलं, पोटात, तोंडावर, त्याचा एक दात माझ्या पायाशी येऊन पडला. त्याला फरफटत पुढच्या दाराशी नेलं आणि त्याचा डावा हात उंबऱ्यावर ठेवून एकानं त्यावर पाय दिला. दुसऱ्यानं वर दाराच्या लोखंडी शटरला हात घातला. माझ्या हातात स्पिरिटची बाटली होती. काडेपेटी शोधत होते. जाळलंच असतं सगळ्यांना, आम्हाला धरून.

"थांबा," वहिनी म्हणाली. "तुम्ही पुन्हा हसा."

मला वाटलं, दुखण्यानं हिचं डोकं फिरलं. तिनं डाव्या हातानं भिंतीवरचा आरसा काढला आणि शटरच्या समोर धरला. दोन्ही बाजू बघा म्हणाली. शटरनं पाहिलं. ओठांची डावी कड वर गेली होती. थोडी, पण गेली होती. त्यानं परत हसून पाहिलं, गेली. डोळा मिटा म्हणाली. डोळा मिटला. माझ्या भावजयीचं मनगट मोडलेलं बघून त्या हलकटाला त्याचं हसू परत मिळालं होतं.

"बोलणं झालं होतं," वहिनी म्हणाली. "तोंड सरळ झालं. हात सोडा."

तो किती वेळ आरशात बघत राहिला कोण जाणे. मग म्हणाला, सोडा रे. तो तसाच निघाला तर वहिनीनं त्याला परत बसवलं, सुया आत होत्या म्हणून. तिनं डाव्या हातानं एकेक सुई काढली. उजवा मांडीवर पडलेला, सुजून काळानिळा. सवय नसलेला हात, त्यामुळे काढताना त्याच्या गालावर रक्ताचे थेंब आले, ते तिनं कापसानं टिपले. शेवटची सुई निघाल्यावर म्हणाली, आता चालते व्हा. आणि तिथंच बेशुद्ध पडली.

निवडणूक तो जिंकला. वहिनीचं मनगट वेडंवाकडं जुळलं. चमचा धरता येतो, सुई धरता येत नाही. दादानं जेवण सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडायचा. मी त्याला वाट्टेल ते बोलले. म्हटलं, शटरनं तुझा हात मोडला, तू हिचा मोडलास, आता माझा कोण मोडणार ते सांगून ठेव. एक दिवस वहिनीनं त्याच्या उशाशी सुया आणि त्या टोचून हात बसवायला साबणाची वडी आणून ठेवली.

"रडायचं असेल तर बाहेर जाऊन रडा. नाही तर हे धरा."

घड्याळाची चक्रं बसवलेला माणूस तो. त्याच्या डाव्या हाताला साबण पटकन कळला. मग त्यानं माझ्या पाठीवर हात साफ केला, मी शिव्या घालत पडून राहिले. मग वहिनीनं स्वतःचं मोडकं मनगट पुढे केलं. तेव्हा मात्र दादाचा हात इतका थरथरला की सुई खाली पडली. तिनं दुसरी दिली. ती लागली. पुढे ती बोटानं जागा दाखवायची आणि तो सुई लावायचा. बायका आधी कुरकुरल्या, मग त्याचीच चौकशी करत यायला लागल्या, म्हणे ह्यांची सुई कळतसुद्धा नाही.

शटरचं तोंड सरळ झालं, पण एक राहिलं. जेवायला बसला की त्याच्या डाव्या डोळ्यातून घळाघळा पाणी यायचं. चावायला लागलं की रडं सुरू. वहिनीनं मला समजावलं, नसा परत जुळताना कधीकधी भलत्याच ठिकाणी जुळतात, लाळेची डोळ्याला जाऊन लागते. खाणावळीत बाजाराचा मालक ताटावर बसून रडतोय, हे सगळ्यांनी पाहिलं. ह्या वेळी कुणी हसलं नाही. लोक नुसतं बघायचे, त्यात चहावालाही होता, मानेवरची भाजलेली कातडी घेऊन.

शेवटी तो आला. एकटाच आला. म्हणाला, हे बंद कर. वहिनीनं सांगितलं, जाईल असं वचन देत नाही, करून बघता येईल. मग आपलं मनगट त्याच्यासमोर धरलं. म्हणाली, आता सुया हे लावतात.

दादा टेबलामागून उठला. हात धुतले, पुसले, सुई काढली. दोन मोडक्या बोटांत कापूस धरला, डाव्या हातात सुई.

"झोपा," दादा म्हणाला. "डोळे मिटा."

शटर आडवा झाला. दादानं ओला कापूस त्याच्या डाव्या डोळ्यावर ठेवला. उजव्याकडे नेला तेव्हा शटरनं दादाचं मनगट धरलं, डावं, तेच. ते त्यानं एकदा सोडून दिलं होतं. त्या हाताकडे बघत राहिला. सुई त्याच्या गालापासून चार बोटांवर होती आणि अजिबात थरथरत नव्हती. डोळे मिटले की काय काय होऊ शकतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार. वहिनी त्याला म्हणाली, घाबरू नका, सुया आत असेपर्यंत तुम्हाला कुणी हात लावणार नाही. त्याच्या तोंडावर मला स्पष्ट दिसलं की त्याचा ह्यावर विश्वास नव्हता. स्वतः त्यानं कधी असं काही पाळलं असतं तर बसला असता विश्वास.

तो उठला. कापूस डोळ्याला तसाच चिकटलेला घेऊन बाहेर गेला. हल्ली जेवताना तो दार लावून घेतो, बायकोलासुद्धा समोर बसू देत नाही म्हणतात. तो गेल्यावर दादानं न वापरलेली सुई डब्यात टाकली, पलंगावरची चादर बदलली आणि पुढच्या बाईंना आत बोलावलं.