विमानाचं दावं

मला शिकवायला विमान हवं होतं, आणि तेही शेपटीखाली चाक असलेलं. कलबुर्गीजवळच्या आमच्या लहानशा उड्डाणशाळेतली विमानं सगळी नाकाखाली चाकवाली, गुणी आणि सोशिक. विद्यार्थ्यानं पाय नुसते टेकवून ठेवले तरी ती सरळ धावतात. पोरांचे पाय आळशी होतात ते त्यामुळेच. शेपटीचाकाचं विमान असलं काही चालवून घेत नाही. उतरल्यावर लक्ष जरा ढळलं, की गर्रकन फिरून नाक मागे आणि शेपटी पुढे. शाळेच्या हैदराबादी मालकांनी बजावलं होतं, परवडण्यासारखं या हिवाळ्यात मिळालं तर घेऊ, नाहीतर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

नवं घेणं आमच्या ऐपतीबाहेरचं होतं. जुन्यांत एक लालभडक, कसरतीचं विमान मालकांच्या मनात भरलं. पण त्यात शिकणारा पुढे आणि शिकवणारा मागे. मला पोराची मान तेवढी दिसणार. "मला पाय दिसले पाहिजेत," मी म्हटलं, "मानेला काय शिकवू?" शिवाय इंधन पिण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. मालक त्यानंतर माझ्याशी तुटक बोलायला लागले.

राहिलं एकच, मादन हिप्परग्याच्या पुढे एका म्हाताऱ्या वैमानिकाच्या शेतात. एकेकाळी तोही शिकवायचा. आता वयामुळे एकट्यानं उडवायला परवानगी नव्हती. विमान विकायला काढलं होतं, आणि आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक परतवूनही लावलं होतं. माझी सगळी भिस्त आता त्याच्यावर होती.

त्या सकाळी मी ठाणाकुशनूरला माहेरी होते. निघताना आईनं विचारलं, "दावं घेतलंस का?" आमच्याकडे बैल विकणारा बैल देतो, दावं देत नाही. दाव्याबरोबर गोठ्याची बरकत जाते म्हणतात. घेणाऱ्यानं आपलं दावं न्यायचं.

"आई, इमान हाय ते."

"असू दे की. त्येला बांधत न्हाईत का?"

बांधतात. हलकं विमान उघड्यावर सोडलं तर वारा ते उलथवून टाकतो. दोन्ही पंखांना आणि शेपटीला दोऱ्या लावून खुंट्यांना बांधतात. मी मुकाट्यानं नव्या दोरीचं भेंडोळं गाडीत टाकलं.

तुरीच्या रानाला लागून पत्र्याची शेड होती आणि तिच्यापुढे ते विमान नाक वर करून उभं होतं. लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेलं कापड, बस्स. मी बोटानं टिचकी मारली, तर हलगीसारखं वाजलं. इंजिन साधं, आमच्या मेकॅनिकच्या हातातलं. दोन जागा शेजारी शेजारी, दोन्हीकडे ब्रेक. कापड आणि नळ्या मिळून माणसाला आभाळात नेतात, हे मी रोज करते तरी त्या क्षणी मला खरं वाटेना.

मालकही हैदराबादहून तिथं येऊन थांबले होते. किमतीचं बोलणं फोनवर झालंच होतं. म्हातारा मला म्हणाला, "द्यायचं का न्हाई ते मागनं बघू. आधी चालवून दाव."

असल्या विमानात जमिनीवर असताना समोरचं काही दिसत नाही, नाक आड येतं. बाजूला दिसतं त्यावरून सरळ जायचं. म्हातारा शेजारच्या जागेत बसला आणि मी वेग दिला. तो बाहेर बघतच नव्हता, त्याची नजर माझ्या पायांवर. मग शेपटी आपण होऊन उचलली, नाक खाली आलं आणि समोर एकदम सगळा मुलूख उघडा झाला. तुरी, काळी रानं, पार लांबवर धूसर कड. दरवेळी माझा श्वास अडकतो, तसा तेव्हाही अडकला. शेजारी बघितलं, तर त्याचाही अडकला होता.

उतरताना आडवा वारा होता. पाय एकसारखे हलत राहिले आणि विमान सरळ राहिलं. तो खाली उतरला आणि खुंट्यांच्या जुन्या दोऱ्या सोडून कोपराभोवती गुंडाळायला लागला. त्यानं दावं काढून घेतलं होतं, म्हणजे विमान दिलं होतं.

मालकांना यातलं काय कळणार? त्यांनी लाडीगोडीनं म्हटलं, "अप्पा, ये रस्स्यां भी हमकोच दे देव ना."

म्हाताऱ्याचा हात थांबला. "मग इमान बी ऱ्हाऊ द्या."

मी गाडीकडे अक्षरशः पळाले. "अप्पा, आमचं दावं आम्ही आणलंय."

त्यानं माझी दोरी हातात घेऊन पीळ चाचपला. "कुठली गं तू?"

"ठाणाकुशनूरची."

"व्हय? मग आधी कामून सांगितलं न्हाईस?" आणि वाकून त्यानं विमान माझ्या दोरीनं बांधलं. मालक मला विचारत राहिले, काय झालं म्हणून. गाडीत मी त्यांना सगळं समजावलं.

कागद झाल्यावर मी न्यायला गेले. म्हाताऱ्यानं गाठी सोडून दोरी माझ्या मांडीवर ठेवली. पंखावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाला, "त्वांड तिकडं करून ने, माय. माझ्याकडं बघू देऊ नगस त्येला."

मी पायानं विमान वळवलं. पंख्याच्या वाऱ्यानं फुफाटा उठला आणि सगळा त्याच्या अंगावर गेला. त्यानं तोंड झाकलं नाही. शेपटी उचलली, समोर मुलूख उघडला, आणि तेवढ्या एका वेळी मला समोर नव्हे, मागे बघावंसं वाटलं. मी बघितलं नाही.