चार टोपल्या कुणाच्या

ईरा, कबीर — हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही. माझं कपाट, माझ्या वह्या, सगळं कसं जागच्या जागी असतं, तुम्हाला माहीत आहे. ही एकच गोष्ट मी चुकीच्या जागी ठेवली.

कळमनुरीत मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. माझ्या हाताखालून गेलेल्या मुली नामांचे प्रकार कधी विसरल्या नाहीत — याचा मला अभिमान आहे. का नसावा? चार टोपल्या, शब्दांच्या चिठ्ठ्या, आणि प्रत्येक चिठ्ठी आपापल्या टोपलीत. 'कमलताईंची पद्धत' म्हणत सगळे.

सुरुवातीला मात्र मीही व्याख्याच पाठ करून घ्यायची. प्रॉपर, कॉमन, कंपाउंड, कलेक्टिव्ह — मुली घोकत, आणि परीक्षेत गोंधळत. एका दुपारी घरच्या ओसरीवर शिकवताना मी अशीच चिडले. शेजारी माझी धाकटी जाऊ यमुना — तुमची धाकटी आजी — वाळलेली हळद निवडत होती. हळकुंडं एका टोपलीत, गड्डे दुसरीत, तुकडे तिसरीत, माती-मुळं चौथीत.

"काहून रागवायलाव बाई लेकरांवर? हाये तरी काय ते?"

मी तिला मराठीत समजावलं — जरा तोऱ्यातच. ती हसली.

"मंग हाक मारून पाहायची की! यमुना म्हणलं की मी एकलीच वळते — ती एक टोपली. बाई म्हणलं की गल्लीतल्या समद्या वळतात — दुसरी. कळप म्हणलं की आख्खा कळप वळतो, एकलं जनावर न्हाई — तिसरी. अन् ते तुमचं ब्लॅकबोर्ड, रेनकोट — दोघांचं लगीन लागलं, आता घर एकच. झाली चौथी!"

आणि तिनं हळदीच्या टोपल्या रिकाम्या करून माझ्यापुढे सरकवल्या.

पुढे तालुक्यातल्या शिक्षकांसमोर मी ती पद्धत करून दाखवली. टोपल्या यमुनेनंच डोक्यावरून आणल्या होत्या. ती शेवटच्या रांगेत बसली. टाळ्या थांबल्यावर एका साहेबांनी विचारलं, हे सुचलं कसं? मी म्हणाले — बरीच वर्षं विचार करत होते. मग ते तिच्याकडे पाहून म्हणाले, त्या कोण?

"आमच्या घरातल्या एक. टोपल्या घेऊन आल्यात. इंग्रजी येत नाही त्यांना."

यातला शब्दन् शब्द खरा होता. खऱ्या शब्दांनी इतकं खोटं बोलता येतं — हे मला त्या दिवशी कळलं.

परतताना ती एवढंच म्हणाली, "चांगलं बोललाव बाई." तेव्हापासून हळद निवडायला ती मागच्या अंगणात बसते. ओसरीवर नाही.

परवा कबीरनं फोनवर शाळेसाठी केलेला चार टोपल्यांचा तक्ता दाखवला — 'माझ्या आजीचा शोध'. किती नेटकं अक्षर! माझा ऊर भरून आला. माझ्यामागे यमुना उभी होती. तिनं तक्ता नीट पाहिला, "तुमच्यावरच गेलंय पोरगं," म्हणाली, आणि आत गेली.

शोध तिचा आहे. या घरातली सगळ्यात हुशार बाई ती — आणि तिची जाऊ असल्याचा मला कोणत्याही पदवीपेक्षा जास्त अभिमान आहे. हे मी तिला कधी सांगितलं? एकदाही नाही.

हे लिहायच्या आधी मी मागच्या दारात गेले. हाक मारली — यमुने! ती वळली. हातात हळकुंड तसंच.

मी विचारलं, चहा घेतेस का?